निसरड्या फरशीचा इतिहास



पावसाळ्यांत पाय घसरला, कीं आपण नशिबाला बोल लावतों आणि हळदीचा लेप देऊन मोकळे होतों. परंतु हाच पाय कारखान्यांतल्या तेलकट फरशीवर घसरला, म्हणजे प्रश्न मोडलेल्या मनगटापुरता राहत नाहीं. त्या मनगटावर पेटणाऱ्या चुलीचा होतो.

माझा एक जुना विद्यार्थी डोंबिवलीच्या एका कारखान्यांत असाच पडला. "मास्तर, हाड दीड महिन्यांत जुळलें, वाण्याची उधारी मात्र वर्षभर फिटली नाहीं," असें तो म्हणाला. चूक त्याचीच, असें त्याला सांगण्यांत आलें आणि त्यानें तें मानलें.

चुकीचा हा विचार बाजूस सारून निर्वाहाचा विचार मांडणारे गृहस्थ ठाण्यांतलेच होते. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ सालीं ठाण्यास झाला. १८८४ च्या सप्टेंबरांत त्यांनीं मुंबईस गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारें ५,५०० सह्यांचा अर्ज सिद्ध केला. त्यांतली रविवारच्या सुटीची मागणी सर्वांस ठाऊक आहे; ती १८९० सालीं पदरांत पडली. दुसरी एक मागणी मात्र विस्मृतींत गेली. कामावर जबर इजा झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचें अपंगत्व आल्यास त्याच्या चरितार्थाची तरतूद व्हावी, ही ती मागणी. लोखंडे १८९७ सालीं निवर्तले. कायदा आला तो १९२३ सालीं.

तोंवर मालकाचा हलगर्जीपणा जखमी मजुरानेंच शाबीत करावयाचा असे. १ जुलै १९२४ पासून अमलांत आलेल्या कामगार नुकसानभरपाई कायद्यानें मुख्य प्रश्नच बदलला: अपघात कामामुळें व काम चालू असतां घडला काय? पूर्ण पगार तेव्हांही मिळाला नाहीं. परंतु भरपाई हा उपकार न राहतां हक्क झाला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंतही तें तत्त्व राखलें आहे.

पडलेल्यास सांवरणें निराळें आणि पडूंच न देणें निराळें. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३२ व्या कलमानें फरशी, जिने व वाटा भक्कम राखण्याची सक्ती केली. त्या निसरड्या पदार्थांपासून मुक्त असाव्यात, हे शब्द मात्र १९७६ च्या दुरुस्तीनें आले. ठाण्याच्या वागळे इस्टेटींत तोंवर यंत्रें केव्हांच धडधडूं लागलीं होतीं.

माझ्या विद्यार्थ्याला मीं पानिपतच्या लढाईची तारीख घोकविली. लोखंडे यांचा अर्ज मात्र कधीं शिकविला नाहीं. ती उणीव आज भरून काढीत आहें.