बालगंधर्वांची खतावणी

बँकेत वीस वर्षं काढली की माणूस गाणंसुद्धा तारीखवार ऐकू लागतो. त्यात आम्ही जळगावकर. बालगंधर्व लहानपणी इथंच मेहबूब खाँसाहेबांकडे गाणं शिकले, म्हणजे ते आमचेच! धुळ्याच्या मामांनी दिलेल्या तबकड्या मी नाटकांच्या सालांप्रमाणे लावल्या: 'मानापमान' १९११, 'स्वयंवर' १९१६, 'एकच प्याला' १९१९. लावून झाल्यावर ध्यानात आलं, नाटकाचं साल म्हणजे काही ध्वनिमुद्रणाचं साल नव्हे. पहिलीच नोंद चुकली!

नाटकात म्हणे वन्समोअर घेता घेता पहाट व्हायची. तबकडीवर मात्र सगळा व्यवहार तीन-साडेतीन मिनिटांत मिटवायचा. मग वन्समोअर मीच देतो. सुई उचलायची, पुन्हा ठेवायची.

"अहो, तेच गाणं चौथ्यांदा!" सौ. आतून ओरडते.

पण 'मानापमान'पाशी हात थबकतो. १२ मार्च १९११, मुंबईत पहिला प्रयोग. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली होती. तरी ते रंग लावून भामिनी म्हणून उभे राहिले. ही नोंद तबकडीत कुठं ऐकू येते का, म्हणून मी कान लावून बसतो.

"अहो, बंद पडलं का?"

"नाही गं. बाजू उलटतोय."