घरगुती केशरंजन

केशरंजन म्हणजे केसांना बाहेरून रंग देण्याची क्रिया होय. पिकलेले केस झाकण्यासाठी किंवा केवळ हौसेखातर केशरंजन केले जाते. पांढरे केस काळे करणाऱ्या द्रव्यास मराठीत कलप असे म्हणतात. घरच्या घरी केशरंजन करण्यासाठी प्रामुख्याने दोन पर्याय वापरले जातात : मेंदीच्या पानांची पूड आणि रासायनिक कलप. रंग चढण्याची रीत, मिळणारी छटा, टिकाऊपणा व संभाव्य अपाय या चारही बाबतींत हे पर्याय एकमेकांहून भिन्न आहेत. मात्र 'काळी मेंदी' या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक उत्पादनांत रासायनिक कलपातीलच रंगद्रव्य मिसळलेले असते. त्यामुळे 'नैसर्गिक' आणि 'रासायनिक' हा भेद वेष्टनावरील नावावरून करता येत नाही. त्यासाठी घटकद्रव्यांची यादी पाहणे आवश्यक ठरते.

केस पिकण्याचे कारण

केसाचा नैसर्गिक रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे असतो. केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी हे द्रव्य तयार करतात. वयोमानानुसार या पेशींचे कार्य मंदावते व नव्याने उगवणारा केस रंगहीन होतो. त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्यामुळे कोणताही लेप त्याला मूळचा रंग परत देऊ शकत नाही, केवळ वरून रंग चढवू शकतो. डोक्यावरील केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतात. म्हणूनच रंग पक्का असला तरी काही आठवड्यांत मुळांशी पांढरी रेघ दिसू लागते व रंगकाम पुन्हा करावे लागते.

इतिहास

आयुर्वेदात केस पिकण्याच्या विकारास 'पलित' अथवा 'पालित्य' ही संज्ञा आहे. सुश्रुतसंहितेत त्याची गणना क्षुद्ररोगांमध्ये केलेली आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत 'गंधयुक्ती' या प्रकरणात पांढरे केस काळे करण्याची कृती आढळते. तीत कोद्रव (हरीक) हे धान्य, आंबवलेले आंबट द्रव व लोहचूर्ण यांचा लोखंडी भांड्यात लेप करून तो डोक्यास लावण्यास सांगितले आहे. मेंदी भिजवण्यासाठी लोखंडी कढई वापरण्याचा प्रघात आजही घरोघरी दिसतो. मुस्लिम समाजात केसांना व दाढीला मेंदी लावण्याची परंपरा जुनी आहे.

कृत्रिम रंगांचे युग इंग्लंडमधील विल्यम हेन्री पर्किन याने १८५६ साली शोधलेल्या जांभळ्या रंगापासून सुरू झाले. दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या संयुगांतून पुढे अनेक रंगद्रव्ये तयार झाली. त्यांपैकी पॅरा-फेनिलीनडायअमाइन (संक्षेपाने पीपीडी) हे द्रव्य केशरंजनास उपयुक्त ठरले. फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ यूजेन श्युलेर याने १९०७ मध्ये केसांसाठी कृत्रिम कलप तयार केला आणि १९०९ मध्ये त्याच्या विक्रीसाठी कंपनी स्थापन केली. हीच कंपनी पुढे लॉरिआल या नावाने प्रसिद्धीस आली.

मेंदी

मेंदी (शास्त्रीय नाव : लॉसोनिया इनर्मिस) हे लिथ्रेसी कुळातील झुडूप आहे. डाळिंब, धायटी तसेच महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेले ताम्हण हेही याच कुळातील होत. भारतात राजस्थानातील पाली जिल्ह्यातील सोजत हा भाग मेंदीच्या उत्पादनासाठी विख्यात असून 'सोजत मेहंदी'ला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले.

मेंदीच्या पानांत लॉसोन या रंगद्रव्याची पूर्वद्रव्ये असतात. पूड पाण्यात, विशेषतः किंचित आंबट द्रवात भिजवली असता त्यांच्यापासून लॉसोन मोकळे होते व केसातील केराटिन या प्रथिनाशी जोडले जाते. म्हणूनच मेंदी लावण्यापूर्वी काही तास भिजत घालण्याची रीत आहे. लॉसोनचा रंग नारिंगी-तांबूस असतो. पांढऱ्या केसांवर तो ठळक केशरी दिसतो, तर काळ्या केसांवर उन्हात तांबूस झाक तेवढी जाणवते. मेंदीने केसांचा मूळ रंग फिका होत नाही. धुतल्यानंतर पहिले दोन-तीन दिवस हवेच्या संपर्काने रंग गडद होत जातो.

*घरगुती कृती*

सर्वसाधारणपणे मेंदीची पूड कोमट पाण्यात किंवा चहाच्या कोऱ्या पाण्यात दाटसर कालवून काही तास अथवा रात्रभर झाकून ठेवतात. आंबटपणासाठी लिंबाचा रस किंवा दही घालतात. आवळा, शिकेकाई, माका, जास्वंद व कात ही द्रव्ये घालण्याची प्रथाही आढळते. आवळ्यातील टॅनिनांचा लोखंडाशी संयोग होऊन काळसर द्रव्य बनते. लोखंडी कढईत भिजवलेल्या मेंदीचा रंग काळपट होण्यामागे हे एक कारण आहे. केस तेलकट असल्यास रंग नीट चढत नाही. म्हणून आधी केस धुऊन कोरडे करतात, दोन ते चार तास लेप ठेवतात व नंतर साध्या पाण्याने धुतात. मेंदीनंतर केस कोरडे वाटतात. त्यावर उपाय म्हणून दुसऱ्या दिवशी खोबरेल तेल लावण्याची पद्धत आहे.

*निळीचा वापर*

केवळ मेंदीने केस काळे होत नाहीत. रासायनिक द्रव्य टाळून काळा रंग हवा असल्यास मेंदीनंतर निळीच्या झाडाच्या (शास्त्रीय नाव : इंडिगोफेरा टिंक्टोरिया) पानांची पूड लावली जाते. ही पूड साध्या पाण्यात कालवून थोड्याच वेळात वापरावी लागते. मेंदीप्रमाणे रात्रभर ठेवल्यास तिची रंगशक्ती क्षीण होते. केशरी रंगावर निळा रंग चढला की तपकिरी ते काळी छटा मिळते. पहिल्या खेपेस रंग हिरवट वा असमान दिसू शकतो व एक-दोन दिवसांत तो स्थिरावतो. पांढऱ्या कपड्यांना दिली जाणारी बाजारी नीळ हा वेगळा पदार्थ असून तो केसांसाठी नाही. नावाच्या सारखेपणामुळे दोहोंत गल्लत होऊ नये म्हणून हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

रासायनिक कलप

टिकाऊपणानुसार रासायनिक रंगांचे तीन वर्ग केले जातात. तात्पुरते रंग केसाच्या पृष्ठभागावर बसतात व एक-दोन धुण्यांत निघून जातात. अर्धकायम रंगांचे छोटे रेणू काही अंशी आत शिरतात व अनेक धुण्यांनंतर उतरतात. कायम रंग मात्र केसाच्या आतच घडतात. पिकलेले केस पूर्णपणे झाकण्यासाठी घरोघरी वापरला जाणारा कलप बहुधा या तिसऱ्या वर्गातील असतो.

केसाच्या बाहेरील थरावर माशाच्या खवल्यांप्रमाणे एकावर एक पापुद्रे असतात. कलपातील अमोनिया किंवा तत्सम अल्कली द्रव्याने केस फुगतो व हे पापुद्रे सैल होतात. पीपीडीसारखे लहान, जवळजवळ रंगहीन रेणू त्यांतून आत शिरतात. हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे त्यांचे ऑक्सिडीकरण होते व ते रिसॉर्सिनॉलसारख्या जोडद्रव्यांशी संयोग पावून मोठे रंगीत रेणू बनवतात. हे मोठे रेणू सहजी बाहेर पडू शकत नाहीत, म्हणून रंग टिकतो. जोडद्रव्ये बदलून काळा, तपकिरी, तांबूस अशा अनेक छटा मिळवता येतात. पेरॉक्साइड केसातील मेलॅनिनही फिके करते. त्यामुळे मूळ रंगापेक्षा उजळ छटा मिळवणे या पद्धतीने शक्य होते. मेंदीने ते शक्य नसते.

या क्रियेस साधारणतः अर्धा ते पाऊण तास पुरतो. कलप काचेच्या किंवा प्लास्टिकच्या वाटीत कालवतात. धातूचे भांडे टाळतात, कारण धातूच्या संपर्काने पेरॉक्साइडचे विघटन होते. उरलेले मिश्रण झाकून ठेवू नये, कारण त्यातून सुटणाऱ्या वायूने बंद बाटलीत दाब वाढतो. वारंवार वापराने केस रूक्ष व ठिसूळ होऊ शकतात.

'अमोनियारहित' असे लिहिलेल्या कलपात अमोनियाऐवजी दुसरे अल्कली द्रव्य असते. त्यामुळे उग्र वास कमी होतो, परंतु त्यात पीपीडी नसते असा या शब्दाचा अर्थ होत नाही.

काळी मेंदी

मेंदीच्या वनस्पतीपासून काळा रंग मिळत नाही. 'काळी मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीत बहुधा मेंदीच्या पुडीबरोबर पीपीडी आणि ऑक्सिडीकरण करणारे द्रव्य असते. क्वचित लाल छटा उठावदार करण्यासाठी सोडियम पिक्रामेट हे कृत्रिम रंगद्रव्यही मेंदीत घातले जाते. घटकांच्या यादीत पीपीडीचा उल्लेख पॅरा-फेनिलीनडायअमाइन, पी-फेनिलीनडायअमाइन किंवा १,४-डायअमिनोबेंझीन अशा नावांनी असू शकतो. पाण्यात कालवून अर्ध्या-पाऊण तासात पांढरे केस काळेभोर करणारी पूड केवळ मेंदीची नसते, ही ओळखण्याची एक ढोबळ खूण आहे.

कलपाचा त्रास झाला म्हणून 'वनस्पतीजन्य' पर्यायाकडे वळलेली व्यक्ती अशी पूड वापरते, तेव्हा ज्या द्रव्याने त्रास झाला तेच पुन्हा डोक्यास लावले जाते. काळी मेंदी हातावर काढल्यानेही पीपीडीची ॲलर्जी जडू शकते व पुढे प्रथमच कलप लावताना तिची तीव्र प्रतिक्रिया उमटू शकते.

आरोग्यविषयक बाबी

पीपीडी हे संपर्कजन्य ॲलर्जीचे सुपरिचित कारण आहे. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २००६ सालासाठी त्याची 'वर्षातील ॲलर्जीकारक' म्हणून निवड केली होती. कपाळ, कानांमागील भाग, मान व पापण्या यांवर खाज, लाली, पुरळ किंवा सूज येणे ही मुख्य लक्षणे असून ती एक ते तीन दिवसांनीही दिसू शकतात. अनेक वर्षे निर्धोकपणे कलप लावणाऱ्या व्यक्तीलाही ॲलर्जी उद्भवू शकते. ती एकदा जडली की बहुधा कायम राहते. पीपीडीची ॲलर्जी असलेल्यांपैकी काहींना टोल्युइन-२,५-डायअमाइन या पर्यायी द्रव्याचाही त्रास होतो. चेहऱ्यावर मोठी सूज येणे किंवा श्वास घेण्यास अडथळा होणे ही तातडीच्या वैद्यकीय उपचाराची लक्षणे होत.

शुद्ध मेंदीची ॲलर्जी विरळ आहे, परंतु अशक्य नाही. ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजिनेज या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांमध्ये, विशेषतः लहान बालकांमध्ये, मेंदीच्या लेपाने रक्तातील तांबड्या पेशी फुटल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदली गेली आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात केशकर्तन व केशरचनेच्या व्यवसायातील संपर्क 'मानवात बहुधा कर्करोगकारक' (गट २अ) ठरवला. स्वतःच्या केसांना रंग लावण्याबाबत मात्र असे वर्गीकरण करण्याइतका पुरावा नसल्याचे (गट ३) नमूद केले.

कलप पोटात गेल्यास तो अत्यंत विषारी ठरतो. घसा व जीभ सुजून श्वास कोंडतो, तसेच स्नायू व मूत्रपिंडे यांना गंभीर इजा होते. अशा वेळी रुग्णास विनाविलंब रुग्णालयात नेणे आवश्यक असते. कलपाच्या पुड्या व बाटल्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवाव्या लागतात.

पूर्वचाचणी आणि कायदा

भारतात औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांतील नियम १४९ नुसार केसांच्या रंगाच्या वेष्टनावर इंग्रजीत व स्थानिक भाषांत सावधगिरीची सूचना छापणे बंधनकारक करण्यात आले. त्वचेस दाह होण्याची शक्यता, वापरापूर्वी चाचणी करण्याची आवश्यकता आणि पापण्या व भुवयांना रंग लावल्यास अंधत्व येण्याचा धोका यांचा तीत समावेश असतो. अमेरिकेत १९३३ च्या सुमारास पीपीडीयुक्त पापण्यांच्या रंगामुळे अंधत्वाच्या घटना घडल्या होत्या. युरोपीय संघात केसांवर प्रत्यक्ष लावल्या जाणाऱ्या मिश्रणात पीपीडीचे प्रमाण २ टक्क्यांपेक्षा अधिक असू नये असा नियम आहे.

चाचणीसाठी वेष्टनावरील सूचनेनुसार थोडासा रंग कानामागे किंवा कोपराच्या आतील बाजूस लावून ४८ तास निरीक्षण करतात. ही चाचणी प्रत्येक खेपेस करणे अपेक्षित असते. चाचणीत काही न आढळणे ही पूर्ण हमी नव्हे. मात्र खाज वा पुरळ आढळल्यास तो रंग वापरू नये. पूर्वी कलपाची ॲलर्जी झालेल्यांनी घरी चाचणी न करता त्वचारोगतज्ज्ञाचा सल्ला घेणे श्रेयस्कर ठरते.

पर्यायांची निवड

केस थोडेच पिकलेले असून तांबूस छटा चालत असेल, तर शुद्ध मेंदी पुरेशी ठरते. बहुतांश केस पांढरे असल्यास तिचा केशरी रंग अनेकांना रुचत नाही. अशा वेळी मेंदी व नीळ ही जोडी उपयोगी पडते, मात्र तिला वेळ व सराव लागतो. झटपट, एकसारखा व हव्या त्या छटेचा रंग हवा असल्यास रासायनिक कलप सरस ठरतो, परंतु त्यासोबत ॲलर्जीचा संभव स्वीकारावा लागतो. पीपीडीची ॲलर्जी असलेल्यांसाठी पीपीडीयुक्त कलप व काळी मेंदी हे दोन्ही पर्याय वर्ज्य होत.

एका पर्यायावरून दुसऱ्याकडे जाताना मागील लेपाचा परिणाम उरतो. मेंदीचा रंग केसांतून सहज निघत नाही. निळीने रंगवलेले केस उजळवू पाहिल्यास ते हिरवट होऊ शकतात. धातूंचे क्षार मिसळलेली मेंदी लावलेल्या केसांवर पेरॉक्साइड लागल्यास तीव्र रासायनिक क्रिया होऊन केस तुटू शकतात. यास्तव पर्याय बदलताना विंचरताना गळालेल्या केसांच्या एका पुंजक्यावर नवा रंग आधी लावून पाहिला जातो.

हे सुद्धा पहा

* मेंदी
* नीळ
* आवळा
* केस
* ॲलर्जी