यान कोत्येरा : वास्तुविशारद आणि शिक्षक

यान कोत्येरा (१८ डिसेंबर १८७१ – १७ एप्रिल १९२३) हे आधुनिक चेक वास्तुकलेच्या प्रवर्तकांपैकी एक मानले जातात. आमच्यासारख्या मंडळांना त्यांची ओळख व्हावी, याला एक खास कारण आहे. भाषिक समाजाला एकत्र येण्यासाठी लागणारी वास्तू कशी असावी, याचे एक उत्तम उत्तर त्यांनी बांधून दाखवले.

कोत्येरा यांचा जन्म मोरावियातील ब्रनो शहरी झाला. हा भाग तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. व्हिएन्नाच्या कला अकादमीत त्यांनी ओटो वाग्नर यांच्या हाताखाली शिक्षण घेतले. १८९८ मध्ये, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, ते प्रागच्या उपयोजित कला विद्यालयात शिकवू लागले. १९१० पासून अखेरपर्यंत ते प्रागच्या ललित कला अकादमीत प्राध्यापक होते.

इमारतीचा हेतू, तिची रचना आणि तिची जागा यांतून रूप घडावे, जुन्या शैलींची नक्कल करू नये, असे त्यांनी १९०० मध्येच लिहिले. प्रागच्या वेन्सेस्लास चौकातील पेतेर्का भवनावर (१८९९–१९००) फुलापानांची नक्षी दिसते. पुढे ही नक्षी कमी होत गेली. ह्रादेत्स क्रालोव्हे येथील संग्रहालयात (१९०९–१३) उघड्या विटांच्या साध्या भिंतीच शोभा देतात.

आम्हाला सर्वांत जवळची वाटते ती प्रोस्त्येयोव्ह गावातील ‘नारोद्नी दूम’, म्हणजे राष्ट्रीय भवन (१९०५–०७). मोरावियातील अनेक गावांत तेव्हा चेक आणि जर्मन भाषकांत चढाओढ होती, आणि दोन्ही समाज आपापली भवने उभारत. कोत्येरा यांनी नाट्यगृह, सभागृह आणि उपाहारगृह एकाच वास्तूत आणले, पण प्रत्येकाचे वेगळेपण बाहेरूनही ओळखू येईल असे ठेवले. नाटक, सभा आणि चहापाणी यांवरच मंडळ टिकते, हे आपल्यापैकी कोणाला वेगळे सांगायला नको.

योसेफ गोचार, ओताकार नोवोत्नी, बोहुस्लाव फुक्स हे त्यांचे विद्यार्थी. त्यांच्यापैकी कोणी गुरूची नक्कल केली नाही. गोचार तर घनवादी वास्तुकलेकडे वळले. प्रागच्या विधी महाविद्यालयाचा आराखडा कोत्येरा यांचा, पण ती इमारत त्यांच्या निधनानंतर लादिस्लाव मखोन यांनी उभारली. गुरूच्या हयातीत जे राहून गेले, ते मागच्यांनी पुरे केले.