वर्गणीतून राखलेले अरण्य



आपल्या वडोदऱ्यातली कमाटीबाग १८७९ साली राजाश्रयाने उभी राहिली. बाग राजाने करावी आणि रयतेने तिथे फिरायला जावे, हीच आपल्या वाडवडिलांची सवय. राजा नसलेल्या मुलखात असे काम कसे होते, हे पाहण्यासाठी आज मी तुम्हांला अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात नेणार आहे.

तिथल्या उत्तर किनाऱ्यावर रेडवूड नावाचे वृक्ष आहेत. काहींची उंची तीनशे फुटांहून अधिक, तर काहींचे वय दोन हजार वर्षांच्या घरात. लाकूड टिकाऊ असल्यामुळे ही झाडे झपाट्याने तुटत होती आणि बहुतेक जंगल खाजगी मालकीचे होते. १९१७ साली जॉन मेरियम, हेन्री ऑस्बॉर्न आणि मॅडिसन ग्रँट यांनी ती तोड डोळ्यांनी पाहिली. १९१८ मध्ये 'सेव्ह द रेडवूड्स लीग' स्थापन झाली. यांतला ग्रँट वंशश्रेष्ठत्वाचा कडवा प्रचारक होता, हेही इतिहास सांगताना झाकून ठेवू नये.

लीगचा मार्ग साधा होता : वर्गणी जमवायची, जंगल विकत घ्यायचे आणि राज्याच्या हवाली करायचे. १९१९ साली स्टीफन मॅदर आणि विल्यम केंट यांनी प्रत्येकी पंधरा हजार डॉलर देऊ केले. हम्बोल्ट परगण्यातल्या स्त्रियांनी आपली वेगळी संघटना काढून प्रचार केला. पुढे स्मृतिवनांची कल्पना निघाली. देणगी द्यावी आणि आपल्या दिवंगत माणसाचे नाव वृक्षराईला मिळावे, जसे आपल्याकडे देवळाच्या पायरीवर नाव कोरतात. पहिले स्मृतिवन १९२१ साली, महायुद्धात पडलेल्या कर्नल रेनाल बोलिंगच्या नावाने झाले. आजच्या हम्बोल्ट रेडवूड्स राज्य उद्यानाची सुरुवात तीच.

वर्गणीला खरे बळ आले १९२८ मध्ये. उद्यानांसाठी साठ लाख डॉलरचे कर्जरोखे काढण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे आला. अट अशी, की राज्य जेवढा पैसा घालील तेवढाच देणगीतून यावा. मतदारांनी तो मोठ्या बहुमताने मंजूर केला. जॉन रॉकफेलर धाकटे यांनी एकूण वीस लाख डॉलर दिले आणि १९३१ मध्ये बुल क्रीक ओढ्याकाठचे उत्तमोत्तम जंगल लाकूड कंपनीकडून विकत घेता आले. काम फत्ते झाले, असे सर्वांना वाटले.

पण उद्यानात आले होते ते खोऱ्याच्या तळाचे जंगल. वरचे डोंगरउतार खाजगीच राहिले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे बेसुमार तोड झाली. डिसेंबर १९५५ च्या अतिवृष्टीत उघड्या उतारांवरची माती आणि दगडगोटे ओढ्यात आले, पात्र रुंदावले, काठ खचले आणि देणगीतून राखलेले शेकडो महावृक्ष कोसळले. १९६४ मध्ये पुन्हा पूर आला. दुखणे पायाला दिसते आणि मूळ भलतीकडेच असते, हे मी दवाखान्यात रोज पाहतो. इथेही तेच झाले होते.

मग लीगने वरच्या उजाड उतारांसाठी वर्गणी मागायला सुरुवात केली. हे काम पहिल्याहून अवघड. तिथे सावली नाही, महावृक्ष नाहीत, पाहुण्यांना दाखवावे असे काही नाही. तरीही लोकांनी दिले आणि हळूहळू त्या खोऱ्याचा बहुतेक भाग उद्यानात आला.

आपल्याकडे गुप्तदान श्रेष्ठ मानले आहे, पण व्यवहारात आपण फलकासाठीच देतो. घराण्याच्या नावाने सभागृहाची देणगी चटकन मिळते. वाचनालयातल्या जुन्या पोथ्यांच्या बांधणीला, गळक्या छपराला मात्र वर्गणी जमत नाही. परमुलखात पिढ्यान् पिढ्या मराठी राखायची, तर पुढच्या वर्षी वर्गणीचे पुस्तक घेऊन निघताना पहिली पावती त्या छपरासाठी फाडावी, एवढीच माझी विनंती.