शिवेवरील धोंडे

सोलापुराहून खेड्यापाड्यांतील कुटुंबांच्या भेटीस जातांना शेतांच्या कोपऱ्यांवर अर्धवट पुरलेले ओबडधोबड दगड दृष्टीस पडतात. वाटसरू त्यांवर घटकाभर टेकतो आणि पुढें जातो. परंतु ह्या मुक्या दगडांत आपल्या वाडवडिलांच्या भाकरीचा इतिहास सांठविलेला आहे.

शिलाहार व यादव राजांच्या काळीं दान दिलेल्या जमिनीवर गद्धेगाळ नांवाचा दगड उभारीत. वरच्या भागीं चंद्रसूर्य, म्हणजे ते असेपर्यंत दान अढळ; मध्यें लेख; आणि खालीं दान मोडणाऱ्यास दिलेल्या शापाचें चित्र. त्या काळीं शाप हाच जमिनीचा राखणदार होता.

पुढें इंग्रजी अंमलांत मोजणीचे दगड आले. सन १८३० च्या सुमारास प्रिंगल ह्यांनीं पुणें प्रांतांत बसविलेला सारा रयतेस झेपेना. जमिनी ओस पडल्या, माणसें गांव सोडून गेलीं. तेव्हां गोल्डस्मिड व विंगेट ह्या अधिकाऱ्यांनीं भीमेपलीकडील आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यांत १८३६ सालीं नवी पद्धत सुरू केली, व तीच पुढें सोलापूर जिल्ह्यासही लागू झाली. साखळी धरून प्रत्येक शेत मोजावें, हद्दीवर दगड रोवावा किंवा मातीचा उंचवटा करावा, जमिनीची प्रत पाहून सारा ठरवावा, आणि तो तीस वर्षें वाढवूं नये, असा तो नियम होता. साखळी तेहतीस फुटांची. तिच्या चौरसाचा एक गुंठा व चाळीस गुंठ्यांचा एकर, हा हिशेब अजून आपल्या तोंडीं आहे.

दगड रोवला तो सरकारच्या वसुलीसाठीं, हें खरें. परंतु त्याच दगडामुळें आपलें देणें किती, हें रयतेस आधीं कळूं लागलें. हद्द संदिग्ध असते तेथें मागणीही मनमानी होते, आणि तिचा भार दुबळ्यावरच पडतो.

आपल्या पूर्वेस मोगलाईची शीव होती. तेथें हैदराबाद संस्थानचे करोडगिरी नाके येणाऱ्याजाणाऱ्या मालावर जकात घेत. १९४८ सालीं तें संस्थान भारतांत सामील झालें, १९५६ सालीं राज्यांची पुनर्रचना झाली, आणि ती शीव पुसली गेली. राजेरजवाड्यांच्या सीमा अशा गेल्या. शेताच्या बांधावरचा धोंडा मात्र राहिला.

आतां तोही नांगराच्या फाळानें वीतवीत सरकतो, आणि सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात. शेजाऱ्याची मेर सारणाऱ्यास मोशेच्या नियमशास्त्रांतही शापच सांगितला आहे. म्हणून वडील मंडळींस एवढीच विनंती, कीं आपल्या शेताच्या चारी कोपऱ्यांचे दगड मुलांस एकदां हातानें दाखवावे. आणि त्या वेळीं शेजाऱ्यासही सोबत घ्यावें.