कॅन्ससच्या न्यूजरूममधून आलेला कोड : जँगोच्या जेनेरिक व्ह्यूजचा इतिहास

आजचा भाग कोडबद्दल आहे. पण ज्यांनी आयुष्यात कोडची एक ओळही लिहिली नाही त्यांनीही थांबा, कारण गोष्ट सुरू होते एका वर्तमानपत्रात. आणि प्रश्न सगळ्यांच्याच ओळखीचा आहे. तेच तेच काम रोज हाताने करायचं, की एकदा नीट बसून त्याची सोय लावून टाकायची? आणि सोय लावली, तर तिची किंमत नंतर कोण मोजतं?

दळण म्हणजे नक्की काय

कुठलीही बातम्यांची साइट डोळ्यासमोर आणा. एक पान असतं यादीचं. एका बातमीवर टॅप केलं की ती बातमी पूर्ण दिसते. आत ऑफिसात बसलेल्या माणसाला नवी बातमी भरायला एक फॉर्म लागतो, जुनी दुरुस्त करायला एक, काढून टाकायला एक.

आता यादीच्या पानामागे काय घडतं ते बघा. डेटाबेसमधून बातम्या आणा. वाचक कितव्या पानावर आहे ते बघा. तेवढ्याच वीस बातम्या कापून घ्या. त्याने नसलेलं पान मागितलं तर ‘४०४’ दाखवा. मग सगळं टेम्प्लेटमध्ये भरून परत पाठवा. फॉर्मचंही तसंच. पहिल्यांदा कोरा फॉर्म दाखवा, भरून आला की तपासा, चूक असेल तर चुकांसकट परत दाखवा, बरोबर असेल तर सेव्ह करा आणि पुढच्या पानावर पाठवा.

याच कोडमध्ये ‘बातमी’च्या जागी ‘कार्यक्रम’ घाला, ‘हॉटेल’ घाला, ‘क्रिकेटची मॅच’ घाला. बदलतं काय? फक्त नाव. बाकी सगळं दळलेलंच दळण.

वेबच्या सुरुवातीच्या काळात हे दळण प्रत्येक जण हातानेच दळत होता. १९९३ च्या सुमारास सीजीआय आलं, १९९५ मध्ये पीएचपी लोकांसमोर आलं, आणि प्रत्येक पानाची एक फाइल अशी पद्धत रुळली. नवं पान हवं? जुनी फाइल कॉपी करा, नाव बदला. झालं काम. पण डेटाबेसमधल्या एका रकान्याचं नाव बदललं, की तीसच्या तीस फाइली उघडायच्या. एकोणतीस सापडायच्या. तिसावी वाचकाला सापडायची.

१९९९ मध्ये अँडी हंट आणि डेव्ह थॉमस या दोघांचं ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’ हे पुस्तक आलं आणि ‘डोन्ट रिपीट युअरसेल्फ’, म्हणजे ‘ड्राय’, हे तत्त्व सगळ्यांच्या तोंडी बसलं. यात एक बारकावा आहे, तो लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. त्यांचं म्हणणं टायपिंग वाचवा एवढंच नव्हतं. एक माहिती, एक निर्णय, सिस्टिममध्ये एकाच ठिकाणी असावा, हे होतं. दिसायला सारखा असलेला कोड आणि अर्थाने एकच असलेला कोड, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लॉरेन्स, कॅन्सस

आता अमेरिकेच्या मधोमध असलेल्या कॅन्सस राज्यातलं लॉरेन्स शहर. २००० च्या जनगणनेत लोकवस्ती साधारण ८० हजार. मोठं विद्यापीठ, आणि गावाचं स्वतःचं वर्तमानपत्र, ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’. या पेपरच्या वेब विभागात २००३ मध्ये दोन तरुण काम करत होते. एक ॲड्रियन होलोवाटी, दुसरा सायमन विलिसन. विलिसन तर इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाचा विद्यार्थी, वर्षभराच्या प्लेसमेंटवर आलेला. आपल्याकडे बीटेकवाले इंटर्नशिपला जातात ना, तसंच.

दोघं पीएचपीला कंटाळले होते. त्यांनी पायथन उचललं. पण खरी गंमत भाषेत नाही, ऑफिसात आहे. न्यूजरूममध्ये काम येतं ते डेडलाइन घेऊनच. बातमी दुपारी ठरते आणि संध्याकाळी तिच्यासोबतचं वेब ॲप लागतं. निवडणूक, खेळ, गावातल्या बँड्सचे कार्यक्रम, प्रत्येकाला वेगळा विभाग. अशा ठिकाणी दर वेळी यादीचं पान नव्याने लिहायला बसलात, तर बातमी शिळी होते. त्यामुळे सारखं सारखं लागणारं बाजूला काढून ठेवणं ही त्यांच्यासाठी हौस नव्हती, रोजची गरज होती.

विलिसनचा काळ संपत आला तेव्हा जेकब कॅपलन-मॉस तिथे रुजू झाला. जुलै २००५ मध्ये हे सगळं ओपन सोर्स म्हणून जगासमोर आलं. नाव ठेवलं जँगो. जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टवरून. आगीत भाजल्यामुळे त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं जवळजवळ निकामी झाली होती, आणि तरी तो तसा वाजवायचा. होलोवाटी स्वतः त्याच शैलीची गिटार वाजवतो. आणि हो, इंग्रजी स्पेलिंगमधला पहिला ‘डी’ मुका आहे, मुलाखतीला जाणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

कोडमध्ये उमटलेलं वर्तमानपत्र

जँगोमध्ये ‘व्ह्यू’ म्हणजे रिक्वेस्ट घेऊन उत्तर देणारा कोडचा तुकडा. आणि ‘जेनेरिक व्ह्यू’ म्हणजे आधीच लिहून ठेवलेला व्ह्यू. तुम्ही फक्त कोणता डेटा ते सांगायचं. २००५ मध्ये बाहेर आलेल्या कोडमध्येच ते होते. यादीसाठी ‘ऑब्जेक्ट लिस्ट’, एका नोंदीसाठी ‘ऑब्जेक्ट डीटेल’, भरणं-बदलणं-काढणं यासाठी आणखी तीन.

पण मला सगळ्यात आवडणारा भाग वेगळाच आहे. तारखांवर आधारलेले व्ह्यूज! वर्षाचं अर्काइव्ह, महिन्याचं, आठवड्याचं, दिवसाचं, आणि चक्क ‘आजचं’. आता विचार करा, बँकेच्या ॲपला हे लागतं का? दुकानाच्या साइटला? हे लागतं वर्तमानपत्राला. त्यात ‘अलाउ फ्यूचर’ नावाची एक सेटिंग आहे आणि ती मुळात बंद असते. म्हणजे पुढची तारीख घालून ठेवलेली नोंद आज कुणाला दिसणार नाही. उद्याच्या अंकाची बातमी आज फुटू नये, हा न्यूजरूमचा साधा नियम. आजही जँगो इन्स्टॉल करा, हे सगळं आत आहे. एका छोट्या शहरातल्या पेपरचं कामकाज जगभरातल्या सर्व्हरवर जाऊन बसलंय.

त्याच काळात रुबी ऑन रेल्सही गाजत होतं. २००४ मध्ये डेव्हिड हाइनमायर हॅन्सनने ते बेसकॅम्प या प्रॉडक्टमधून वेगळं काढलं होतं. तिथे ‘स्कॅफोल्ड’ होतं. एक कमांड द्या, लगेच यादी-फॉर्मचा कोड तुमच्या फोल्डरमध्ये तयार. दुखणं एकच, औषधं दोन. रेल्सचा जनरेटर कोड लिहून तुमच्या हातात देत होता. तो तुमचा, हवा तसा मोडा. पण मूळ साच्यात सुधारणा झाली तर ती तुमच्या कॉपीत आपोआप येत नाही. जँगोने कोड स्वतःकडेच ठेवला. तुम्ही फक्त त्याला हाक मारायची. सुधारणा झाली की सगळ्यांना मिळते. पण तो तुमच्या डोळ्यासमोर नसतो. हा फरक छोटा वाटतो, पण पुढची सगळी भांडणं इथूनच सुरू झाली.

फंक्शन कमी पडलं

सुरुवातीचे जेनेरिक व्ह्यूज साधी फंक्शन्स होती. फंक्शनला वळवायचं कसं? आर्ग्युमेंट देऊन. मग आर्ग्युमेंट वाढत गेली. एका पानावर किती नोंदी, टेम्प्लेट कोणतं, यादी रिकामी चालेल का, जादा माहिती कोणती. प्रत्येक नव्या गरजेला नवं आर्ग्युमेंट. शेवटी असं काहीतरी हवं असायचंच जे त्या यादीत नाही. मग काय, पुन्हा पहिल्यापासून स्वतःचा व्ह्यू लिहा.

त्यात एक खड्डाही होता. ही सगळी माहिती यूआरएलच्या फाइलमध्ये लिहायची असे, आणि ती फाइल सर्व्हर सुरू झाल्यावर एकदाच वाचली जाते. तुम्ही ‘जादा माहिती’ म्हणून प्रकाशकांची तयार यादीच तिथे दिली, तर ती पहिल्यांदा वापरली जाईल तेव्हाची यादी तिथेच गोठायची. नंतर नवा प्रकाशक भरला तरी सर्व्हर पुन्हा सुरू करेपर्यंत पानावर येत नसे. एरर नाही, काही नाही. पान दिसतंय, फक्त खोटं दिसतंय. होलोवाटी आणि कॅपलन-मॉस यांच्या जँगोवरच्या पुस्तकात याबद्दल वेगळी सूचनाच दिलेली आहे.

उपाय ठरला क्लासचा. फंक्शन आहे तसं घ्यावं लागतं. क्लासचं तसं नाही, त्याचा एखादाच भाग बदलता येतो. पण त्यातही पेच आला. एकच ऑब्जेक्ट सगळ्या रिक्वेस्टना उत्तर देऊ लागला आणि त्याच्यात काही साठवलं, तर एका वाचकाचा डेटा दुसऱ्याला दिसू शकतो. प्रत्येक वेळी कॉपी करायची, की ऑब्जेक्ट बनवण्याच्या प्रक्रियेतच काही जादू करायची, यावर डेव्हलपर्सची चर्चा बरीच लांबली. शेवटी ‘ॲज व्ह्यू’ ही पद्धत आली. प्रत्येक रिक्वेस्टला नवाकोरा ऑब्जेक्ट. मार्च २०११ मध्ये जँगो १.३ आलं आणि त्यात लिस्टव्ह्यू, डीटेलव्ह्यू, क्रिएटव्ह्यू, अपडेटव्ह्यू आले. जुनी फंक्शन्स निवृत्तीच्या मार्गाला लागली आणि २०१३ च्या १.५ मध्ये काढून टाकली गेली.

मग सगळे खूश? छे!

आता यादीचं पान तीन ओळींत होऊ लागलं. क्लासचं नाव, मॉडेल कोणतं, पानावर किती. सुंदर! पण त्या तीन ओळींच्या मागे काय आहे? आजच्या जँगोत अपडेटव्ह्यूची वंशावळ मोजली तर त्याला स्वतःला धरून १० क्लास भरतात. फॉर्म सेव्ह होतो तो यांपैकी नेमक्या कुठल्या क्लासमध्ये, हे शोधायला इकडून तिकडे उड्या मारायच्या. लोकांना याचा इतका त्रास झाला, की कुठल्या क्लासमध्ये कोणतं मेथड आहे एवढंच दाखवणारी एक स्वतंत्र साइट निघाली. जँगोच्याच कोअर टीममधल्या ल्यूक प्लांटने तर क्लासवाले व्ह्यूज ही चूकच होती, असं उघड लिहिलं. त्याचा मुद्दा साधा होता : फंक्शन वरून खाली वाचता येतं, आणि वाचता येणं हे दोन ओळी वाचवण्यापेक्षा मोठं आहे.

हे नुसतं आवडीनिवडीचं भांडण नाही. एक उदाहरण सांगतो. पान फक्त लॉगिन केलेल्यांना दिसावं यासाठी जँगो १.९ मध्ये, म्हणजे डिसेंबर २०१५ मध्ये, ‘लॉगिन रिक्वायर्ड मिक्सिन’ आलं. क्लास लिहिताना ते डावीकडे, सगळ्यात आधी लिहायचं. समजा कुणी लिस्टव्ह्यू आधी लिहिलं आणि मिक्सिन नंतर. पायथन डावीकडून शोधायला लागतं, त्याला लिस्टव्ह्यूच्या बाजूने रिक्वेस्ट हाताळणारं मेथड आधी सापडतं, आणि लॉगिनची तपासणी कधी होतच नाही. एरर येत नाही. पान व्यवस्थित उघडतं. फक्त ते सगळ्या जगाला उघडतं. विचार करा, त्या यादीत बातम्या नसून पेशंटचे रिपोर्ट असतील तर? दोन शब्दांची अदलाबदल, बस्स.

यावरचं उत्तरही बघण्यासारखं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या जँगो ५.१ मध्ये एक मिडलवेअर आलं. ते लावलं की सगळीच पानं मुळात बंद, जे उघडं ठेवायचं ते मुद्दाम सांगायचं. ‘लॉगिन हवं’ हा निर्णय शंभर व्ह्यूजमध्ये शंभर वेळा लिहिण्याऐवजी एका जागी आला. आठवतंय १९९९ चं ते तत्त्व? एक निर्णय, एक जागा. ओळी किती वाचल्या हा प्रश्नच नव्हता.

मग आपण काय घ्यायचं

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. जेनेरिक व्ह्यू चांगलाच आहे, जोपर्यंत तुमचं काम त्याच्या जन्माच्या कामासारखं आहे. यादी, नोंद, फॉर्म, तारखेचं अर्काइव्ह, बिनधास्त वापरा. पण एकाच व्ह्यूत तीन-चार मेथड बदलायची वेळ आली, तर समजा की तुमचं काम वेगळं आहे, फक्त दिसायला सारखं होतं. तिथे सरळ दहा-पंधरा ओळींचं फंक्शन लिहा. टीममध्ये कुणी ‘कोड रिपीट होतोय’ म्हणालं तर विचारा, कोड रिपीट होतोय की निर्णय?

आणि नव्याने नोकरीला लागलेल्यांसाठी खास. तीन ओळींत पान उभं राहिलं म्हणून काम संपत नाही. एकदा फ्रेमवर्कची ती फाइल उघडा. जँगोचा लिस्टव्ह्यू ज्या फाइलमध्ये आहे ती जेमतेम काहीशे ओळींची आहे, चहा संपेपर्यंत वाचून होते. लॉरेन्समधल्या मंडळींनी आधी हाताने पानं लिहिली, त्यातलं सारखं काय ते ओळखलं आणि मग ते बाजूला काढलं. आपल्याला शेवटची पायरी आयती मिळाली आहे. आधीच्या दोन एकदा तरी स्वतः चढून बघायला हव्यात, नाहीतर काही बिघडलं की बघायचं कुठे हेच कळत नाही.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या टीममध्ये फंक्शनवाले जास्त की क्लासवाले, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!