मुक्या हार्डवेअरची वंशावळ

पीसीचं बरं असतं. यूएसबी किंवा पीसीआयचं उपकरण लावलं की ते आपली ओळख स्वतःच सांगतं. पण मोबाईल किंवा छोट्या बोर्डांवरच्या चिपमधले बरेचसे भाग चक्क मुके असतात. अमुक पत्त्यावर सिरियल पोर्ट आहे, हे कुणीतरी कर्नेलला सांगावंच लागतं.

सांगायची एक जुनी पद्धत सन कंपनीच्या ओपनबूटमधली. पुढे १९९४ साली ओपन फर्मवेअर या नावाने तिचं प्रमाण झालं : सगळ्या हार्डवेअरची झाडासारखी वंशावळ. पॉवरपीसीवाल्या लिनक्सने २००५ च्या सुमारास तिची सुटसुटीत आवृत्ती उचलली, तीच डिव्हाइस ट्री. एआरएमवाले मात्र प्रत्येक बोर्डासाठी 'सी'ची वेगळी फाइल लिहीत बसले. मार्च २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या पसाऱ्यावर जाम भडकला (शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत!), आणि मग एआरएमही झाडाखाली आलं.

पण हे झाड वाचायचं बूट होताना, एकदाच. बीगलबोनवर तर लोक 'केप' नावाची कार्डं एकावर एक चढवायचे, चार-चार. म्हणून पँटेलिस अँटोनियूने ३.८ कर्नेलसाठी केप मॅनेजर लिहिला. एका फाइलीत ओव्हरलेचं नाव 'एको' केलं की चालत्या सिस्टीममध्ये नवं पोर्ट हजर! मला तर ही जादूच वाटायची.

मूळ कर्नेलने मात्र केप मॅनेजर घेतला नाही. ओव्हरलेचा गाभा घेतला, ३.१९ मध्ये, फेब्रुवारी २०१५ ला. पण युजरने बाहेरून ओव्हरले ढकलायचं दार, कॉन्फिगएफएसचं, मागणी होऊनही घेतलं नाही. कारण फांदी जोडणं सोपं, तोडणं महाकठीण. एखादा ड्रायव्हर त्या फांदीचा पॉइंटर धरून बसलेला असतो. मेमरी मोकळी करावी तर तो उघडा पडतो, न करावी तर गळती. शिवाय वर्णनावर कर्नेल डोळे मिटून विश्वास ठेवतं. 'या पत्त्यावर अमुक उपकरण आहे' असं खोटंच लिहिलं तर?

गंमत म्हणजे पीसीच्या बाजूला, एसीपीआयमध्ये, असं दार ४.८ कर्नेलमध्ये (२०१६) उघडलंसुद्धा. आणि एसीपीआयचं वर्णन म्हणजे नुसती माहिती नव्हे. त्यात कर्नेलच्या अधिकाराने चालणारा बाइटकोड असतो. थेट मेमरीत लिहू शकणारा! पुढे ५.४ मध्ये (नोव्हेंबर २०१९) 'लॉकडाउन' आलं. रूट झालात तरी कर्नेलला हात लावू देणार नाही, असा त्याचा बाणा. जून २०२० मध्ये वायरगार्डवाल्या जेसन डोनेनफेल्डने या दारातून एक छोटंसं टेबल आत सरकवलं आणि लॉकडाउनची स्थिती साठवणाऱ्या जागीच शून्य लिहून टाकलं. कुलूप भक्कम होतं हो, पण किल्ली शेजारच्याच खुंटीवर. हीच सीव्हीई-२०२०-१५७८०. ५.७.७ मध्ये दुरुस्ती आली : टेबल घेण्याआधी लॉकडाउन चालू आहे का ते विचारा. बस्स, एवढंच.

असो. बीगलबोनवाल्यांनीही पुढे वाट बदलली. ओव्हरले आता यू-बूट लावतो, कर्नेल जागं व्हायच्या आधी. केप बदललीत? करा रीबूट.